दीक्षा एकदाच

रेव्हरंड शमुवेल ओहोळ कोणालाही पहिला प्रश्न एकच विचारत: “घरी कोण कोण असतं?” जहाजाच्या शिडीपाशी उभ्या असलेल्या खलाशाला विचारत, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी टेबल पुसणाऱ्या म्हाताऱ्याला विचारत. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मलाही तेच विचारले. आई, वडील, एक बहीण, असे मी सांगितले. त्यांनी एकेका नावाला मान हलवली, जणू ती माणसे दारात उभी होती आणि त्यांना आत घ्यायचे होते. मी उलट तोच प्रश्न केला तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे आता मोजायला सोपं आहे,” आणि चहाचे आधण ठेवायला वळले.

फ्लॅट मिसेस लिम नावाच्या विधवा बाईंचा होता. एका खोलीत त्या, दुसरीत ओहोळ, आणि रिकाम्या झालेल्या तिसरीत मी. मी एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काम करत होतो. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. ओहोळ तेव्हा साठीच्या अलीकडे होते. उंच, किंचित वाकलेले, हाताची बोटे लांब. रविवारी काळा शर्ट आणि पांढरी कॉलर. इतर दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, जाड तळव्यांचे बूट आणि काखेत हेल्मेट. मिसेस लिम पहिले काही महिने त्यांना क्रेन चालवणारे समजत होत्या. पाळक आहेत हे कळल्यावर त्यांनी एवढेच म्हटले की क्रेनवाल्याला पगार जास्त मिळतो.

खलाशांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत ते होते. बंदरात लागलेल्या जहाजांवर जायचे, फोनची कार्डे, जुनी मासिके आणि लोकरीच्या टोप्या द्यायच्या, कोणी आजारी असेल तर डॉक्टरकडे न्यायचे, हे त्यांचे रोजचे काम. एका बातमीच्या निमित्ताने मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. जहाजावर रत्नागिरीकडचा एक तरुण खलाशी होता. मराठी ऐकून तो हातातले काम टाकून आला. बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, “काका, तुम्ही फादर ना? मग देवाधर्माचं काय बोलत नाय तुम्ही?”

“तू विचारलंस का?”

“नाय.”

“मग आधी घरी फोन लाव. देव कुठे जात नाही, कार्डाची मिनिटं जातात.”

परत येताना मी त्यांना विचारले की संस्थेला हे चालते का. ते म्हणाले, “संस्थेला अहवाल लागतो. मी लिहितो, एक माणूस घरच्यांशी बोलला. यापेक्षा मोठं काय लिहू?”

त्यांचा जन्म नगर जिल्ह्यातला. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांची बदली आंध्रात झाली आणि शमुवेल तिथेच वाढले. घरात मराठी, शाळेत तेलुगू. नात्यातली माणसे नगरला ज्या चर्चमध्ये जात तिथे बिशप होते. आंध्रात घराजवळ चर्च होते ते लुथरन. ते त्या मंडळीतले झाले, तिथेच शिकले, आणि तीन वयस्क पाळकांनी डोक्यावर हात ठेवून त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. बिशप नव्हता. त्या मंडळीत तेव्हा बिशप नसत. “चौथाही एक पाळक होता,” ते सांगत, “पण त्याला छत्री धरावी लागली. कौलं गळत होती.” पुढे त्यांनी मार्था नावाच्या तेलुगू परिचारिकेशी लग्न केले. मूल झाले नाही. मार्था वारल्यावर वर्षभराने ते सिंगापूरला आले. हे सगळे मला एका बैठकीत कळले नाही. ओहोळ स्वतःविषयी एका वेळी एक वाक्य सांगत, तेही भाजी चिरताना.

सिंगापुरात मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी होती. नगर, पुणे, मुंबई इथली माणसे. कोणी बँकेत, कोणी हिशेबाच्या कामात, दोघेतिघे जहाजांवर इंजिनिअर. बहुतेक सगळे बिशप असलेल्या चर्चमध्ये वाढलेले. एका अँग्लिकन चर्चने त्यांना महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आपले छोटे उपासनागृह वापरायला दिले होते. या मंडळींचा पुढारी सुहास गायकवाड. तो बँकेत होता आणि शहरातल्या बिशान भागात राहत होता. त्याची बायको रूथ पेटी वाजवी. ओहोळ आले आणि त्यांना मराठी बोलणारा पाळक मिळाला. ओहोळ उपदेश करत, प्रार्थना चालवत, गाणी निवडत. एक गोष्ट मात्र त्यांना करता येत नसे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने वाटून घ्यायच्या, भाकरीवर आणि द्राक्षारसावर म्हणायचे शब्द ते म्हणू शकत नसत.

यातला वाद जुना आहे, पण समजायला कठीण नाही. अँग्लिकन चर्चच्या मते दीक्षा बिशपच्या हातूनच व्हायला हवी. त्या बिशपला आधीच्या बिशपांनी दीक्षा दिलेली असते, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी, आणि ही हातांची साखळी पहिल्या शतकांपर्यंत जाते असे ते मानतात. साखळीत नसलेला माणूस विद्वान असेल, संत असेल, पण प्रभुभोजनाचा विधी चालवू शकत नाही. लुथरन म्हणतात की बिशप असणे चांगले, पण भाकर त्यावर अवलंबून नाही. मंडळीने बोलावले, पाळकांनी प्रार्थना करून हात ठेवले, की माणूस पाळक झाला. पुढचे काम देवाचे वचन करते. ओहोळांच्या डोक्यावर तीन हात होते आणि त्यांतला एकही बिशपचा नव्हता. म्हणून या चर्चमध्ये ते आदराचे पाहुणे होते, यजमान नव्हते.

शहरात लुथरन चर्चही होते. तिथे त्यांना कोणी अडवले नसते. “तिथे मला सगळं करता येईल,” ते म्हणाले, “पण मराठीत कोणासाठी करू?”

अँग्लिकन चर्चचे व्हिकर, म्हणजे तिथले मुख्य पाळक, वॉन्ग म्हणून होते. पूर्वी शाळेत शिकवत. गोल चेहऱ्याचे, घामाघूम होणारे, खाण्याचे शौकीन. त्यांनी तोडगा काढला होता. सकाळच्या इंग्रजी उपासनेत ते स्वतः भाकर आणि द्राक्षारस पवित्र करत आणि त्यातला काही भाग झाकणाच्या चांदीच्या भांड्यांत बाजूला ठेवत. दुपारी ओहोळ तो मराठी लोकांना वाटत. त्या शब्दांची मधली मुख्य प्रार्थना तेवढी वगळायची. गायकवाडांच्या किंवा कोणाच्याही घरीसुद्धा ती म्हणायची नाही, असे व्हिकरनी सुरुवातीलाच मागून घेतले आणि ओहोळांनी हातात हात देऊन कबूल केले.

मी ख्रिस्ती नाही. तरी सुट्टी असेल तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसे. ती प्रार्थना जिथे यायची तिथे ओहोळ थांबत. समोर पुस्तक उघडे, हात बाजूला. उपासनागृहात पंख्याचा आवाज येई. लोक समजत की पाळक मनात प्रार्थना करताहेत. मी घरी आल्यावर विचारले.

“मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “तिथे शब्दांची जागा आहे, ती मोकळी ठेवतो. एखादं गाणं घालून भरली, तर काही राहिलंय हे लोक विसरतील.”

“तुम्हाला त्रास होतो का?”

“जेवायला वाढायला बोलावलं आणि स्वयंपाकघरात येऊ नका म्हटलं, तर त्रास कसला? वाढायचं.” मग कारले चिरता चिरता म्हणाले, “पण स्वयंपाक येतो हो मला.”

त्याच सुमारास माझ्या पाळीत अमेरिकेहून एक बातमी आली. तिथल्या एका मोठ्या लुथरन चर्चने आणि अँग्लिकन परिवारातल्या एपिस्कोपल चर्चने एकमेकांची पाळकपदे मान्य करण्याचा करार अमलात आणला होता. आशियात ती कोणी छापणार नव्हते. मी ती घरी येऊन ओहोळांना सांगितली. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. एखाद्या उलटतपासणी घेणाऱ्या संपादकासारखे प्रश्न विचारले.

“आधीच्या लुथरन पाळकांचं काय? पुन्हा दीक्षा?”

“नाही. आहेत तसे मान्य. यापुढच्या दीक्षांना मात्र बिशप असणार.”

“म्हणजे दोघांनीही पाट थोडा थोडा सरकवला. विरोध?”

“आहे. काही लुथरन म्हणतात, बिशपची सक्ती नको.”

“त्यांचं बरोबर आहे,” ओहोळ म्हणाले. मग उठून गॅस पुन्हा पेटवत म्हणाले, “पण जेवायला बसल्यावर कोणी पाटाची लांबी मोजू नये.”

पुढच्या रविवारी त्यांनी व्हिकरना गाठले. चर्चच्या आवारात चहाचे टेबल मांडलेले होते. व्हिकरनी बातमी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “पास्टर सॅम, ते अमेरिकेचं आहे. आमचा प्रांत वेगळा. इथे असा करार नाही.”

“म्हणजे तिथल्या किनाऱ्यावर मी पाळक आहे. इथे उतरलो की नाही. मधल्या समुद्रात दीक्षा विरघळते की काय?”

“मीठ नाही ला ते,” सिंगापुरी बोलण्यातला ‘ला’ लावून व्हिकर हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “सोपा रस्ता आहे. बिशप तयार आहेत. एका संध्याकाळचं काम. ते हात ठेवतील, तुम्ही उठाल, मग आपण सगळे नूडल्स खाऊ. तुमचं आधीचं काम आम्ही नाकारत नाही.”

“मग पुन्हा कशाला?”

“पुढच्यासाठी.”

“आणि जे मागे राहिलेत, त्यांचं काय?” ओहोळांनी विचारले. व्हिकरना प्रश्न कळला नाही. मलाही तेव्हा कळला नाही.

मराठी मंडळींना मात्र हा रस्ता पसंत होता. आपला पाळक, आपली भाषा, आणि मधे ते झाकणाचे भांडे नाही. सुहास आणि रूथ एका शनिवारी दुपारी आमच्या फ्लॅटवर आले. सुहासने मुस्तफाच्या दुकानातून आंबे आणले होते. बसल्या बसल्या त्याने विषय काढला.

“पाळकसाहेब, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं, पासपोर्ट बदलला. म्हणून आम्ही नगरचे राहिलो नाही का?”

“सुहास, पासपोर्ट पुढच्या प्रवासाला लागतो. मागचे प्रवास तो रद्द करत नाही.”

“मग दीक्षाही तशीच समजा की.”

“नाही समजता येत.”

“साहेब, तुम्ही हट्टाला पेटलात,” रूथ म्हणाली. ती स्पष्ट बोलणारी होती. “आमची पोरं मराठीत एवढंच ऐकतात. बाकी सगळं ला, लोर लावलेलं इथलं इंग्रजी चालतं घरात. तुम्ही तीन हातांचा मान राखताय आणि इथे आमची पिढी कोरडी चाललीय.”

ओहोळांनी तिच्याकडे पाहिले. रागावले नव्हते. म्हणाले, “तीन हातांचा मान नाही, रूथ. ते तिघेही गेले, त्यांना काय फरक पडतो.” मग त्यांनी एका वेळी एक वाक्य सांगायची आपली सवय मोडली. “मार्था दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी तिनं प्रभुभोजन मागितलं. दुसरा पाळक दौऱ्यावर होता. मीच दिलं. नवरा म्हणून नाही, पाळक म्हणून. तिनं ते घेतलं आणि म्हणाली, आता बरं वाटतं. आता मी इथे गुडघे टेकले आणि नवी दीक्षा घेतली, तर त्या दिवशी मी पाळक नव्हतो असं माझ्याच तोंडानं म्हटल्यासारखं आहे. मग तिला मी काय दिलं? बेकरीतला पाव?”

मिसेस लिमच्या खोलीतून चिनी मालिकेचा आवाज येत होता. रूथने उठून आंबे पाण्यात घातले. जाताना सुहास दारात त्यांना म्हणाला, “आम्ही परत विचारणार नाही.” त्याने तो शब्द पाळला. आंबे मिसेस लिमनी आणि मी खाल्ले.

त्यानंतर ओहोळ अधिक एकटे झाले असे मला वाटते. कोणी त्यांना टाळत नव्हते. पण उपासनेनंतर चहाला लोक थांबत तेव्हा एक विषय सगळे वळसा घालून टाळत, आणि त्यामुळे बोलणे लवकर संपे. माणसे आपापल्या एमआरटी स्टेशनकडे, मेट्रोकडे, निघत. ओहोळ खुर्च्या लावत, भांडी धुऊन कपाटात ठेवत आणि बसने परत येत. नाताळात त्यांना जेवायची आमंत्रणे असत. ते जात, मुलांना गोष्ट सांगत, जेवून लगेच निघत. मी एकदा विचारले की राहत का नाही. ते म्हणाले, “राहिलो की घर कसं असतं ते आठवतं. मग इथे कुलूप उघडताना जड जातं.”

सार्सची साथ आली तेव्हा जहाजांवर जाणे बंद झाले. काही आठवडे ओहोळ घरातच होते. त्यांनी सगळे शर्ट इस्त्री केले, माझेही केले. बंदराच्या फाटकापर्यंत जाऊन पहारेकऱ्याकडे फोनची कार्डे देऊन येत. ती खलाशांपर्यंत पोचतात की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मराठी उपासनाही थांबली होती. एका दुपारी मी सहज विचारले, तुम्ही खोलीत एकट्याने प्रभुभोजन का घेत नाही? तिथे तर कोणाची हरकत असणार नाही.

“एकट्यानं करायचं नसतं ते,” ते म्हणाले. “आमच्याकडे तशी शिकवण आहे. शब्द सगळे पाठ आहेत. पण ते आरशाला म्हणायचे नसतात, समोर कोणीतरी भुकेला लागतो.” मग म्हणाले, “इथे आल्यापासून ते मोठ्यानं म्हटलेले नाहीत. आवाज राहिलाय का तेही माहीत नाही.”

सुहासची आई सुशीलाबाई साथीनंतर नगरहून बिशानला कायमची राहायला आली. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. ओहोळांपेक्षा वयाने बरीच मोठी आणि त्यांना “अहो पाळक” म्हणून हाक मारणारी ती एकटीच. पहिल्याच उपासनेनंतर तिने सांगितले, “अहो पाळक, तुमची इस्त्री छान आहे, उपदेश लांब आहे.” सकाळच्या इंग्रजी उपासनेला ती जात नसे. “देवाला इंग्रजी येतं,” म्हणे, “मला येत नाही.” प्रार्थनेच्या जागी ओहोळ गप्प का होतात हे तिने सुनेकडून काढून घेतले आणि त्यावर पुढे काही बोलली नाही. मात्र त्या जागी सगळे डोळे मिटत, आणि ती डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राही.

दोनएक वर्षांनी ती आजारी पडली. इस्पितळाने घरी न्यायला सांगितले. एका दुपारी सुहासचा फोन आला. आईने प्रभुभोजन मागितले होते. ओहोळ नुकतेच बंदरावरून आले होते. त्यांनी काळा शर्ट चढवला, कॉलर लावली आणि मला म्हणाले, “चला, सोबत पाहिजे.”

सुशीलाबाई खिडकीजवळच्या पलंगावर होती. चेहरा उतरला होता, पण नजर मास्तरणीचीच होती. सुहासने सांगितले की व्हिकर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, निघालेत, पण वेळ लागेल. चांदीच्या भांड्यात काही उरलेले नसे. उपासनेनंतर ते संपवायची रीत होती.

“व्हिकर कशाला?” सुशीलाबाई म्हणाली. “हे आलेत की.”

ओहोळ तिच्या शेजारी खुर्चीवर बसले. “बाई, ते येतील तोवर थांबू.”

“तुम्ही पाळक आहात की नाही?”

“आहे.”

“मग?”

“त्यांनी आपल्याला उपासनेला जागा दिली, तेव्हा मी कबूल केलंय.”

“मी गेल्यावर येऊन पोचले तर?”

ओहोळांचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटे एकमेकांत अडकवलेली होती. सुशीलाबाईने डोळे मिटले. “अवघड माणूस आहात. तुमच्या बायकोनं कसं काढलं हो?”

“तीही हेच विचारायची.”

ती किंचित हसली. ओहोळांनी रूथला टेबलावर पांढरे कापड घालायला सांगितले. रूथने पावाची लादी आणि द्राक्षारस आणून ठेवला. मग ते सुशीलाबाईला येणारी जुनी मराठी गाणी हळू आवाजात म्हणत राहिले आणि ती अधूनमधून एखादा शब्द दुरुस्त करत राहिली. तिचा श्वास दोनदा अडखळला. दोन्ही वेळा ओहोळांनी टेबलाकडे पाहिले आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले. त्या दुपारी ते आपला शब्द मोडतील असे मला वाटले होते. माझा अंदाज खरा की खोटा हे ठरायच्या आत बेल वाजली.

व्हिकर वॉन्ग घामाने भिजले होते. त्यांनी गळ्यात विधीचा लांब कापडी पट्टा घातला, पुस्तक उघडले आणि इंग्रजीत सुरुवात केली. सुशीलाबाईने मान वळवली. “काय म्हणताहेत?” रूथ तिच्या कानात भाषांतर सांगू लागली. दोन आवाज एकमेकांवर चढले. व्हिकर थांबले. त्यांनी म्हातारीकडे पाहिले, मग ओहोळांकडे.

“पास्टर, तुमच्या भाषेतलं पुस्तक आणलंय?”

“पाठ आहे.”

“मग तुम्ही म्हणा. मी भाकरीवर हात धरतो. मी मनात माझं म्हणत राहीन.”

ओहोळ लगेच उठले नाहीत. हे काय आहे ते दोघांनाही कळत होते. अँग्लिकन हिशेबाने विधी व्हिकरचा, कारण हात त्यांचे. लुथरन हिशेबाने विधी ओहोळांचा, कारण वचन त्यांच्या तोंडून. कोणत्याही एका पुस्तकात बसणारी ही गोष्ट नव्हती. व्हिकर म्हणाले, “पास्टर, आजी वाट बघताहेत.”

ओहोळ टेबलापाशी गेले. व्हिकरनी भाकरीवर दोन्ही हात धरले. ओहोळांनी सुरुवात केली तेव्हा आवाज फार मोठा निघाला, डेकवरून धक्क्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा. मग तो खाली आला. त्यांनी भाकर घेण्याचे, मोडण्याचे, देण्याचे सगळे शब्द सावकाश म्हटले. एका जागी ते थांबले. पुढचा शब्द विसरले असे सुहासला वाटले असावे, कारण त्याने मान वर केली. व्हिकरचे ओठ हलायचे थांबले आणि त्यांनी तसेच हात धरून वाट पाहिली. ओहोळांनी पुढचे शब्द म्हटले. मग त्यांनी भाकरीचा लहानसा तुकडा सुशीलाबाईच्या जिभेवर ठेवला.

तिने तो हळूहळू गिळला. म्हणाली, “आज नीट ऐकू आलं.”

खाली लिफ्टपाशी व्हिकर रुमालाने मान पुसत म्हणाले, “पास्टर, कोणी विचारलं, तर ते मी केलं.”

“आणि मला विचारलं तर?”

“तर ते तुम्ही केलं.” व्हिकर हसले. “दोघांना एकाच खोलीत बसवून कोणी विचारू नये, एवढी प्रार्थना करू या.”

घरी आल्यावर ओहोळांनी चहा केला आणि तो समोर ठेवून तसेच बसले. मी विचारले की आता तरी खात्री पटली ना, तुम्ही पाळक आहात याची.

“ती कधी गेली होती?” ते म्हणाले. “त्यांचे हात नसते तरी ती भाकर तेवढीच भाकर होती. मी आजही तेच म्हणतो.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “पण मधे मला पुढचं सुचेना, तेव्हा शेजारी ते हात तसेच होते. मार्थाच्या वेळी मी असाच थांबलो होतो. तिच्याच तोंडाकडे बघून पुढचं म्हटलं. जी चालली होती तिनंच मला धीर द्यायचा. त्या खोलीत मी एकटा होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, कोणी विचारू नये की तुझ्याबरोबर कोण होतं. आज कळलं, गरज कोणाचीच नव्हती, पण कोणीतरी हवं होतं.”

सुशीलाबाई त्या आठवड्यातच गेली. दफनविधी ओहोळांनी चालवला. त्याला कोणाची हरकत नव्हती. पुढच्या महिन्यात व्हिकरनी सुचवले की मराठी उपासनेतही तसेच करावे, शब्द तुमचे, हात माझे. ओहोळांनी आभार मानले आणि नको म्हटले. “मरणाऱ्या माणसासाठी केलं ते ठीक. दर महिन्याला केलं तर ती युक्ती होईल. तुम्हाला वरती उत्तर द्यावं लागेल आणि मला आरशात.” चांदीचे भांडे पुन्हा सुरू झाले, आणि त्या जागी ओहोळ पुन्हा गप्प राहू लागले. बिशपसमोर ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

पुढे संस्थेने जहाजांवर जाणारी माणसे कमी केली आणि ओहोळांच्या तिथे काम करायच्या पासची मुदत वाढली नाही. ते आंध्रात परत गेले. सामान एका बॅगेत मावले. विमानतळावर सुहास, रूथ, व्हिकर आणि मी होतो. व्हिकरनी त्यांना मिठी मारली आणि म्हटले, “पास्टर, स्वर्गात एकच प्रांत असेल ला.” ओहोळ म्हणाले, “असावा. नाहीतर तिथेही मला पाहुण्यांच्या बाकावर बसवाल.”

त्यांच्या मृत्यूची बातमी मला सुहासने फोनवर सांगितली. मी तिथल्या पाळकाचा नंबर मिळवला. हा त्यांच्याच मंडळीतला तरुण माणूस होता आणि इंग्रजीत नेमके बोलत होता. आजार थोडा होता, त्रास फारसा झाला नाही. मी विचारले की शेवटचे प्रभुभोजन मिळाले का. मिळाले, तो म्हणाला. कोणी दिले? त्याने सांगितले की तो आणि शेजारच्या गावचे पाळक, दोघे गेले होते. आमच्याकडे एक पुरतो, तो म्हणाला, पण ओहोळांनी दोघांना बोलावले होते.

“विधी दोघांनी मिळून केला का?” मी विचारले.

“नाही, विधी मीच केला. दुसऱ्यांना त्यांनी माझ्या शेजारी उभं राहायला सांगितलं होतं.”

“कशासाठी?”

“मीही विचारलं,” तो म्हणाला. “ते म्हणाले, काही काम नाही. नुसतं उभं राहायचं.”